सिस्टरची पाचवी

कळमनुरी, मंगळवार, १९७४

सिस्टर आजही आल्या नाहीत. त्यांची साडी दवाखान्यामागच्या दोरीवर तशीच. आंध आदिवासींच्या वस्तीवर ताप आलेल्या बाळंतिणीला इंजेक्शन द्यायला गेल्या नि तिथंच राहिल्या. तिथली रीत अशी, की बाळंतिणीला शिवलेल्या बाईनं पाचवी पुजेपर्यंत घर सोडायचं नाही. एवढी शिकलेली बाई, हे कशाला पाळते? चिडून जीप पाठवली.

संध्याकाळी जीप आली. सिस्टर नाहीतच. उतरल्या दोन पोटुशा बायका. त्या वस्तीतलं कुणी आजवर दवाखान्याची पायरी चढलं नव्हतं.

थोरली म्हणाली, "सिस्टर आमच्या घरच्याच हायेत आता. त्या म्हनल्या, डाक्टर बी आपलेच हायेत. खरं हाय का?"

हो म्हणालो. आता खरं करावं लागेल.

साडी काढून घडी घातली.