गाडीच्या दारातली कुंभारीण

कुसुम,

गाडीचं डावं दार उघडं दिसेल. ते आपटू नकोस, हातच लावू नकोस. मी मनूला घेऊन रिक्षानं डॉक्टरीणबाईंकडे गेलोय. तिला काही दुखत नाही. घाबरलोय तो मी.

झालं काय, त्या अडकलेल्या लॉकनं रात्रभर कटकट करून बॅटरी उतरवलीन. सकाळी मी बसलो स्टिअरिंगवर नि मनूला म्हटलं, "सूनबाई, मार गो धक्का." मारलान पोरीनं, पार उतारापर्यंत. मग अंगणात आणून दाराचा पुठ्ठा खोलला, तर लॉकच्या सळईवर कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं. मी स्क्रू ड्रायव्हर लावणार, तर मनूनं हातच धरलान. "बाबा, मोडू नका. कुंभारीण घरात आली की पाळणा हलतो, असं आई म्हणतात ना? मला दुसरा महिना आहे."

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. म्हटलं, "मग ढकललीस कशाला?"

"नाही म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं."

गेल्या खेपेला आपणच वाडीभर सांगत सुटलो होतो. ते टिकलं नाही, नि ज्यानं त्यानं विचारलं, तेव्हा उत्तरं तिनं एकटीनं दिलीन.

कुणाला सांगू नका, अशी शपथ घातलीन मला. पण तू आल्या आल्या दार आपटशील, म्हणून लिहिलं. मऊ पेज टाकून ठेव. ती आपणहून सांगेल तेव्हा पहिल्यांदाच ऐकतेयस असं कर, नि ही चिठ्ठी चुलीत घाल.