परत घेतलेली साक्ष

बाई, मी साक्ष परत घेतली. गेल्या रविवारी, गिरगावच्या आपल्याच चर्चमध्ये, सव्वीस वर्षांपूर्वी जिथे उभी राहून ती दिली होती तिथेच उभी राहून. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. म्हणजे माझ्या हातून हे होईल याची वाट बघायला तुम्हाला जेमतेम चार वर्षं मिळाली, आणि त्या चार वर्षांत तुम्ही मला त्याबद्दल फक्त एकदा टोकलंत. आज मला इतका आनंद झालाय की सांगितल्याशिवाय राहवत नाही. नवऱ्याला तीनदा सांगून झालं, आता तो पेपरातून मान वर न करता हूं म्हणतो. तेव्हा तुम्हीच ऐका.

तुमचं परळचं क्वार्टर मला अजून जसंच्या तसं दिसतं. हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला पहिला मजला, एक खोली आणि स्वयंपाकघर. शनिवारी दुपारी ड्युटी संपली की तुम्ही सिस्टरचा पांढरा गणवेश उतरवून सुती पातळ नेसता, आणि आम्ही सात-आठ मुलं-मुली स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडी घालून बसतो, कारण बाहेरच्या खोलीत तुमची रात्रपाळीची मैत्रीण झोपलेली असते. स्टोव्हवर आमच्यासाठी अंडी उकडत असतात. तुमचा नियम एकच होता, पण भारी होता. पवित्र शास्त्र वाचताना कुठे काही करायला सांगितलं असेल तर तिथेच थांबायचं, आणि ते केल्याशिवाय पुढची ओळ वाचायची नाही. केलं की समासात पेन्सिलीने एक टिंब. मी पाठांतरात पहिली, अख्खा अध्याय घडाघडा म्हणून बक्षीस घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले, तर तुम्ही अंडं सोलता सोलता म्हणालात, "पाठ झालंय, ते दिसतंय. त्यातलं केलं काय?" मला रडू आलं होतं. मग आजाऱ्याला भेटायला जायची ओळ आली तेव्हा तुम्ही मला तुमच्या वॉर्डात नेलंत आणि एका म्हातारीच्या उशाशी बसवून हातात फणी दिलीत. तिला भेटायला कुणी येत नव्हतं आणि केसांच्या जटा झाल्या होत्या. मला त्या सोडवायला दीड तास लागला. घरी येऊन टिंब दिलं तेव्हा पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला.

आणि मग तो डबा. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःला जरा वेगळं करून सांगत आले. दादाने आमच्या लालबागच्या चाळीतल्याच, समोरच्या खोलीतल्या मुलीशी रजिस्टर लग्न केलं. ती मालवणकडच्या, गणपती आणणाऱ्या घरातली. आई महिनाभर रडली. बाबा गिरणी बंद झाल्यापासून तसेही गप्पच असायचे, ते आणखी गप्प झाले. दादा-वहिनी शीवला भाड्याने राहायला गेले. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत वहिनी माहेरी आली आणि आमच्या दारात स्टीलचा डबा घेऊन उभी राहिली. घरात नेमकी प्रार्थनासभा होती, पंधरा माणसं सतरंजीवर बसली होती. मी सत्तावीस वर्षांची, विश्वासाने नुसती उसळत होते. दार अर्धं धरून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "वहिनी, हे आमच्यात चालत नाही. घेऊन जा." गॅलरीतून परत जाताना तिच्या चपलांचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये साक्ष दिली की मोह दारात आला होता आणि देवाने मला तो दारातूनच परत पाठवायची शक्ती दिली. लोकांनी आमेन म्हटलं, काहींनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तुम्ही चौथ्या बाकावर चष्मा पुसत बसला होतात.

पुढच्या शनिवारी सगळे गेल्यावर तुम्ही मला थांबवलंत. "डबा उघडून पाहिलास?" नाही म्हटलं. "तिला काही विचारलंस?" म्हटलं, विचारायचं काय, मोदक होते. तुम्ही म्हणालात, "मी विचारलं. परवा शीवला जाऊन आले. नैवेद्य दाखवायच्या आधी तिनं अकरा मोदक काढून ठेवले, तुमच्यासाठी वेगळे. देवाला दाखवलेलं तुम्हाला चालत नाही, म्हणून. तिच्या घरात नैवेद्याआधी कुणी बोट लावत नाही. आईशी भांडली ती त्याच्यापायी." मग तुम्ही माझं शास्त्र उघडलंत आणि त्या ओळीवर बोट ठेवलंत, जिथे म्हटलंय की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. "इथं थांब," एवढंच म्हणालात. बाई, मी थांबले नाही. ती ओळ ओलांडून पुढे गेले. चार वर्षांनी तुमच्या अंत्यविधीला मीच शास्त्रपाठ वाचला आणि सगळ्यांनी वाचन छान झालं म्हणून सांगितलं. पुढे मुलांची रविवारची शब्बाथ शाळा चालवली, चर्चचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीवर गेले, घरोघरी प्रार्थनेला मला बोलावणी यायची. आई गेली तेव्हा दादा शिवडीच्या दफनभूमीत सगळ्यांच्या मागे उभा राहिला, मूठभर माती टाकली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. वहिनी गेटाबाहेर थांबली होती. तेव्हाही मी गेले नाही.

गेल्या वर्षी बुधवारच्या संध्याकाळच्या वर्गात, नव्याने सभासद होणाऱ्यांना मी तुमचा तो नियम सांगत होते. सांगते बऱ्याचदा, छान वाटतं ऐकायला. वर्गात परळच्या एका टॉवरमधले सिक्युरिटी सुपरवायझर येतात, पंचेचाळिशीचे, शास्त्र पहिल्यांदाच वाचणारे. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "ताई, मग तुमचं कुठपर्यंत आलंय?" मी म्हणाले, होत आलंय. घरी येऊन ते जुनं पुस्तक काढलं. त्या पानापर्यंत टिंबं, त्या पानानंतरही टिंबं, आणि मधे ती एक ओळ कोरी. माझी मलाच इतकी लाज वाटली की मी पुस्तक मिटून भांडी घासायला गेले. भांडी कामवालीने घासून ठेवली होती, ती मी परत घासली.

लगेच शीवला जायची हिंमत नव्हती. म्हणून मी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली, नवी पेन्सिल घेऊन, तुमच्या नियमाने. चर्चमध्ये वय वाढलं की विश्वास आपोआप वाढत असेल असं मी धरून चालले होते. तसं काही नसतं, हे त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. ठरवून, रोज, एकेक ओळ करावी लागते. मी नोकरी करते त्या लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या पाठीमागे वाईट बोलायचं नाही, या एका गोष्टीवर मी सात आठवडे अडकले. सोमवारी चांगलं चालायचं, मंगळवारी लॅबच्या साहेबांचा विषय निघायचा आणि संपलं. आठव्या आठवड्यात मी जेवणाचा डबा घेऊन खिडकीशी जाऊन बसायला लागले, तेव्हा कुठे टिंब पडलं. असं करत करत दहा महिन्यांनी ती ओळ आली. दोन रविवार मी शीवला जाऊन सर्कलवरूनच परत आले. तिसऱ्या रविवारी जिना चढले.

दार वहिनीनेच उघडलं. केस पांढरे झालेत, पण पदर खोचायची पद्धत तीच. "वन्सं?" म्हणाली, आणि मग, "चपला आतच काढा हो, बाहेर राहात नायत." मी पाठ केलेलं सगळं विसरले. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाले, "वहिनी, तुमचा डबा मी न उघडता परत पाठवला. तुम्ही आमच्यासाठी वेगळं काढलं होतं, हे मला आठवड्याभरात कळलं होतं, तरी आले नाही. माझं चुकलं." ती गॅस बारीक करून माझ्याकडे वळली. "डब्याचं काय नाय वो. ता मी तेव्हाच गिळलंय. पण तुम्ही ता तुमच्या चर्चमध्ये सांगितलात, टाळ्या घेतल्यात. मी काय पाप घेऊन इल्लंय तुमच्या दारात? शंभर माणसांसमोर बोललात, नि माफी माका एकटीला, स्वयंपाकघरात?" ती खरं बोलत होती. दादा खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "तिला बसू तरी दे." मी बसले नाही. म्हटलं, "वहिनी, शंभर माणसांसमोर सांगेन. तुम्ही ऐकायला याल?" ती म्हणाली, "येईन. का नाय येणार?"

आताचे पाळकसाहेब चांगले आहेत, पण घाबरट. "ताई, जुनं कशाला उकरता? लोक म्हणतील, पंच कमिटीवाल्यांनी प्रसादाला परवानगी दिली." मी म्हटलं, खाण्याबद्दल मी अक्षर बोलणार नाही, मी माणसाला दारातून घालवल्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यासाठी कमिटी सोडावी लागली तर तो राजीनामा आत्ताच घ्या. त्यांनी घेतला नाही. रविवारी मी पुढे गेले. म्हणाले, "सव्वीस वर्षांपूर्वी इथे मी सांगितलं की मी मोह परत पाठवला. ते खोटं होतं. मी माझ्या भावाच्या बायकोला परत पाठवलं. तिने स्वतःच्या घरची रीत मोडून आमच्यासाठी वेगळं काढून आणलं होतं, आणि मी तिला बसा म्हटलं नाही. तुम्ही तेव्हा माझ्यासाठी टाळ्या वाजवल्यात. त्या मी आज परत करते. वहिनी तिसऱ्या बाकावर बसल्या आहेत." कुणी आमेन म्हटलं नाही. मग तेव्हा ज्यांचा आमेन सगळ्यांत मोठा होता त्या आजी, आता वॉकर घेऊन चालतात, त्या पहिल्या बाकावरून उठल्या. तिसऱ्या बाकापर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी वहिनीचा हात हातात घेतला आणि आपल्या लोकांत म्हणतात तसं म्हणाल्या, "सलाम, सूनबाई. मीपण होते टाळ्या वाजवणाऱ्यांत." त्यांच्यामागे लोक उठत गेले, रांगच लागली, आणि वहिनी प्रत्येकाला "बसा हो, बसा" म्हणत होती, जशी काही ती तिच्याच घरात पाहुण्यांना बसवत होती. शेवटच्या गीताला वहिनीशेजारी उभ्या दादाने पुस्तक घेतलं नाही. चारही कडवी त्याला येत होती. आवाज फुटका, सूर भलतीकडेच, आणि मी आयुष्यात इतकं सुंदर गाणं ऐकलेलं नाही. बाई, आपण जिंकलो.

हे पत्र टाकायला पेटी नाही ते एका परीने बरंच आहे, कारण आता जे लिहितेय ते पाळकसाहेबांच्या हाती पडायला नको. त्यांनी मला पुढच्या महिन्यात तरुणांसमोर बोलायला सांगितलंय, विषय आज्ञापालन. मी हो म्हटलंय. जिथे तिथे लोक सांगतायत की ताईंनी वचन पाळलं. पण शीवच्या त्या जिन्यावर मला एकही वचन आठवत नव्हतं. मी आज्ञा पाळायला चढले नव्हते, बाई. मला दादाची फार आठवण येत होती.