एका बसचे चौदा चार्ट

३ सप्टेंबर २००२
आजपासून या ऑफिसात फॉक्सप्रो ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा बंद. शपथ घेतली, ऋतालाही घ्यायला लावली. ती आमच्या कंपनीची एकमेव प्रोग्रामर असल्याने सभा एकमताने पार पडली.
दुलीचंदजींच्या सहा बसेसचं रिझर्वेशनचं काम मिळालं. आधी बालाघाट-नागपूर, ती जमली की बाकीच्या. सगळं हॅस्केल या नव्या भाषेत करणार. फंक्शनल प्रोग्रामिंग! त्यात एखादी नोंद एकदा ठरली की ठरली, मागाहून कुणी येऊन पुसणार नाही. इतर भाषांत कुणीही उठतो, काहीही बदलतो; याला प्रोग्राम म्हणायचं की नगरपालिका? दुलीचंदजींना चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी त्यांनी विचारलं, टिकट निकलेगा ना?
बायकोची, म्हणजे पुष्पलताची, अट: दसऱ्यापर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर बैहरच्या शाळेतली कम्प्युटर शिक्षकाची जागा घ्यायची. तिच्या भावाने ती धरून ठेवली आहे. अट मान्य केली. वेळ येणारच नाही तर मान्य करायला काय जातं?

९ सप्टेंबर
पूर्ण बसचं सीटवाटप दोन पानांत बसवलं. आर्या वृत्तातल्या श्लोकासारखं नेटकं. बाई एकटी असेल तर तिच्या शेजारी बाईच, हा नियम साडेतीन ओळींत.
ऋता म्हणाली, सर, प्रिंट कुठून निघते? म्हटलं, छपाई ही बाहेरच्या जगाची भानगड, ती शेवटी. आधी शुद्ध गणित. ती म्हणाली, हौ सर, पण मानसाले हातात कागद पायजे ना.
हुशार आहे. वाचन कमी.

१७ सप्टेंबर, सकाळी
बस ऑफिसात बसून निरीक्षण केलं. भयंकर. तिकीट काढलेला माणूससुद्धा खिडकीतून रुमाल टाकून दुसऱ्याची सीट धरतो. मग कंडक्टर प्रेमलाल पेन्सिल आणि खोडरबर घेऊन न्यायनिवाडा करतो. एका बसमध्ये बारा बदल! सीटच्या चार्टला खोडून खोडून भोक पडलं होतं.
प्रेमलालला तिथेच शिस्तीवर दहा मिनिटं ऐकवलं. चार हमालही जमले. तो म्हणाला, सर, एखादीले उलटी होऊन राह्यली अन् खिडकी नाही देली, त मंग तुमी पुसान का?
समाज अजून तयार नाही. तयार करावा लागेल.

२४ सप्टेंबर
मोठ्या मनाने सीटबदलाची सोय दिली. पण तत्त्व सोडलं नाही. जुना चार्ट पुसायचा नाही. प्रत्येक बदलाला नवा चार्ट तयार होईल आणि जुनाही जसाच्या तसा राहील. इतिहास कुणालाच खोडता येणार नाही.
ऋताने विचारलं, मंग यातला खरा कोनता? सांगितलं, आपापल्या क्षणी सगळेच खरे.
तिने खुर्ची कम्प्युटरकडे वळवली. मग काहीतरी टाइप करायला लागली. विचारलं तर म्हणाली, काही नाही सर, प्रॅक्टिस.

३० सप्टेंबर
छपाई जोडली. तीन दिवस गेले. पुष्पलताला या भाषेचा थोर गुण सांगितला: कुणी उत्तर मागेपर्यंत ती काहीच काम करत नाही. ती म्हणाली, असा एक घरात आहे, मागूनही करत नाही.

८ ऑक्टोबर
पहिली चाचणी. सकाळी सातची नागपूर. तेरा बदल झाले. प्रिंटरमधून चौदा चार्ट निघाले. बिनचूक, सुंदर, चौदाच्या चौदा.
प्रेमलाल गठ्ठा हातात धरून उभा. म्हणाला, काहून सर, आज चौदा गाड्या निघून राह्यल्या का?
सात नंबरच्या सीटवर तिघे. तिघांकडे अस्सल तिकीट, तिघांची नावं कुठल्या ना कुठल्या चार्टवर. एक बाई, एक पटवारी, एक नवरदेव. नवरदेव सर्वांत मोठ्याने ओरडत होता. मी टपावर जायच्या शिडीवर चढून परिस्थिती समजावत होतो. दुसऱ्या मुद्द्यालाच खाली उतरवण्यात आलं.
बस एक तास दहा मिनिटं उशिरा सुटली. दुलीचंदजी शांतपणे म्हणाले, नंदकिशोरजी, भाषण आपका बढ़िया है। लेकिन बस मेरी एक ही है।

९ ऑक्टोबर
प्रोग्राम कागदावर दोनदा तपासला. चूक नाही. चूक बसमध्ये आहे. चौदा खऱ्या चार्टांना एकच बस पुरवणे ही नियोजनातली त्रुटी.
फक्त शेवटचा चार्ट छापायचा, असं ऋताने सुचवलं. तडजोड! नाकारली. उलट बस ऑफिसात लावायला पाटी रंगवून घेतली: एकदा घेतलेली सीट बदलणार नाही.

१२ ऑक्टोबर
पाटीच्या खिळ्याला कुणीतरी जेवणाचा डबा अडकवला. दिवसभर तिथेच होता. दसरा तीन दिवसांवर.  घरी पुष्पलता माझे शर्ट इस्त्री करून बॅगेत ठेवते आहे.

१४ ऑक्टोबर
शेवटचा चार्ट छापायची सोय केली (तडजोड नाही, सुधारणा) आणि बस ऑफिसात गेलो. काउंटरवर कम्प्युटर चालू. एक बस, एक चार्ट, गोंधळ नाही. दुलीचंदजी हसत होते. मी त्यांचा हात धरून दहा मिनिटं विचारांच्या विजयावर बोललो. मग कम्प्युटरमागून ऋता उठली.
फॉक्सप्रो. तिने अकरा दिवस संध्याकाळी बसून लिहिलं. खाली बघत म्हणाली, सर, काम हातचं जाईन म्हनून केलं. ते बाईच्या शेजारी बाईवालं मात्र तुमचंच आहे. तुमच्या कागदावरून उतरवलं. एकटं तेवढंच पहिल्या फटक्यात चाललं.
म्हणजे साडेतीन ओळी जिंकल्या! हे मी मोठ्याने सांगितलं. प्रेमलाल म्हणाला, हौ सर, बाया खुश आहेत.
बाकीच्या पाच बसेसचं काम दुलीचंदजींनी ऋताला दिलं.

११ नोव्हेंबर
बैहरला निघालो. माघार नव्हे. विचार गावोगाव न्यावाच लागतो, आणि शाळेत श्रोते उठून जाऊ शकत नाहीत. तिथे फॉक्सप्रो शिकवायचं आहे, असं मेहुण्याने पत्रात कळवलं. बघू.
दुलीचंदजींच्याच बैहरच्या बसचं तिकीट मिळालं, एकतीस नंबर. मागचं चाक, खिडकी नाही. घाटात मला मळमळतं. प्रेमलालला तसं सांगितलं. त्याने काउंटरकडे हाक मारली आणि माझं वाक्य संपायच्या आत चार नंबरची खिडकी मिळाली. तिथला माणूस मागे गेला. कोण होता, पाहिलं नाही.
वारा छान लागला.