राजरत्नच्या पेशींची ऊब बंद करणेबाबत

प्रति,
मा. संचालक साहेब,
विषाणू संशोधन केंद्र,
विश्रामबाग, सांगली.

विषय : माझा मयत भाऊ राजरत्न याच्या कातडीच्या पेशी आपल्याकडं जित्या हायत, त्याबाबत.
संदर्भ : आपल्या दीपमाला मॅडमशी झालेलं बोलणं.

महोदय,

अर्ज करते की, मी आम्रपाली सोपान बनसोडे, रा. कोरेगाव, जि. सातारा. नववीतनं शाळा सोडली हाय, लिहिण्यात वाकडंतिकडं झालं तर सांभाळून घ्यावं.

गेल्या साली आमच्या आळीत गोवर आला. बाकीची पोरं उठून खेळाय लागली. राजरत्न उठला न्हाई. तो दवाखान्यात असताना मॅडमनी त्याच्या दंडाच्या कातडीचा बारका तुकडा नेला. पप्पांना इचारून नेला, त्याची तक्रार न्हाई.

तक्रार पुढची हाय. जलदान विधीला मॅडम आल्या आणि चांगल्या मनानं बोलून गेल्या की त्याच्या पेशी अजून वाढत्यात, अंगाइतक्या ऊबंत ठेवल्यात. आईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "अंग ऊन हाय म्हंजी ताप हाय. जित्या लेकराला पाणी कसं सोडू?" विधी तिथंच ऱ्हायला. तवापासनं दर बाजारच्या दिवशी ती एस्टीनं आपल्या गेटवर येती, कपाळावर ठिवायचं ओलं फडकं घिऊन. आपले नाथाजी शिपाई म्हणत्यात, "आवं मावशी, हितं पेशंट नसत्यात." एका खेपंला मी संगं हुते, मी म्हणलं, "मग माझा भाव आत काय करतोय?" त्यांनी आत जाऊन मॅडमना बोलावून आणलं.

शेवटी मॅडमनी मला पेशी बघायच्या दुर्बिणीतनं राजरत्न दाखवला. लांबट, फिकट, उसाच्या पाचटागत पसरलेला. त्यांनी समजावलं ते असं : गोवर शिरला की इंटरफेरॉनची, म्हंजी पेशी एकमेकींना धोका कळवत्यात त्या रसायनाची, हाक येती. हाकेसरशी दोन प्रोटीनं एकमेकाला धरत्यात, तिसरं त्यांना येऊन जुळतं, आणि तिघांची फळी पेशीच्या गाभ्यात जाऊन लढायचा हुकूम सोडती. राजरत्नचं तिसरं प्रोटीन धरायच्या जागीच वाकडं हाय. दोघं जुळत्यात, वाट बघत्यात. तिसरं जुळत न्हाई. हुकूम सुटत न्हाई.

साहेब, आपण प्रयोगासाठी त्या पेशींवर पुन्हा पुन्हा इंटरफेरॉन घालता. म्हंजी माझ्या भावाला पुन्हा पुन्हा हाक मारता. त्याला ऐकू येतं, तो उठाय बघतो, आणि परत हरतो. मेलेल्या पोराला किती येळा हरवायचं? मला आता घरात कुणी कुणाला हाक मारली तरी दचकाय हुतं.

मॅडम म्हणत्यात, चांगलं तिसरं प्रोटीन बनवायचा जीन त्या पेशींत घालता येतो, मग फळी जुळंल. पण परवानगी आपली लागती.

तरी विनंती की, ती परवानगी द्यावी. त्या दिवशी आईला आत घ्यावं, नाथाजींनी अडवू नये. एकदा हाक मारावी. हुकूम सुटला की मॅडमनी आईला सांगावं, "मावशी, उतरला ताप."

मग ऊब बंद करावी.

आपल्या उत्तराकडं डोळं लावून बसलेली,
आम्रपाली सोपान बनसोडे
कोरेगाव, दि. ९ डिसेंबर १९९६

सोबत : काही न्हाई. तांब्या घरी भरून ठेवलाय.