माझा पांढऱ्या पानाचा बिझनेस

रविवार, ४ मे २०२५. सकाळी ९.४०, लातूर.
ओल्या कापसाने मॉन्स्टेराची, म्हणजे माझ्या शोभेच्या झाडाची, पानं पुसत होतो. पानं दोन. खालचं हिरवं, वरचं अर्धं पांढरं. पांढऱ्यातच पैसा आहे. साधं झाड दीडशेला मिळतं, हे ‘व्हेरिगेटेड’ साडेतीन हजारांना. योजना: वाढवायचं, शेंडे कापून विकायचे, झेरॉक्स सेंटरची नोकरी सोडायची.
बाबांना फोनवर किंमत दोनशे सांगितली. तरी म्हणाले, कुंडीतल्या झाडाला दोनशे? येड लागलं का तुला? पोळ्यापर्यंत तुझं काही जमलं न्हाई तर गुमान जळकोटला ये, मामाच्या खताच्या दुकानात बस. मी लगेच हो म्हणालो. तशी वेळ येणारच नाही.

गुरुवार, ८ मे.
पांढऱ्या भागाची कड तपकिरी. दोष लातूरच्या हवेचा. या झाडाला दमट हवा लागते. घरमालकीण केवळाबाईंकडून वाफ घ्यायचं मशीन मागून आणलं.

शनिवार, १० मे.
केवळाबाईंना सर्दी. मी म्हणालो, मावशी, दोनच दिवस थांबा. त्या म्हणाल्या, आदिनाथ, मी मेल्यावर हे झाड माझ्या तेराव्याला येणार हाय का? मशीन परत दिलं. लोकांना मोठं चित्र दिसत नाही.

सोमवार, १२ मे.
झाड बाथरूममध्ये ठेवलं. मी अंगणातल्या नळावर आंघोळ करतो. केवळाबाई म्हणाल्या, बायको आणली असतीस तर इतकी जपली नसतीस. माझ्या डोळ्यात साबण गेला होता.

रविवार, ८ जून.
नवं पान उलगडलं. जवळजवळ पूर्ण पांढरं! झाडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. नांदेडच्या मुग्धा मॅडमचा मेसेज आला: शेंड्याचे आठ हजार देईन, आधी अजून एक पान असंच येऊ द्या. मी दहा म्हणालो. त्या म्हणाल्या, सात. मी घाईने आठला हो म्हणालो. घासाघीस जमते मला.

रविवार, २० जुलै.
आधीचं अर्धं पांढरं पान वाळून गळालं. चांगलंच झालं, शेंड्याला जोर मिळेल. नोकरीच्या राजीनाम्याचा मसुदा तयार. शुद्धलेखन तपासलं.

शनिवार, १६ ऑगस्ट.
दुसरं पांढरं पान पूर्ण उघडलं. मॅडमनी उद्या नांदेडला बोलावलंय. व्हिडिओ बघून ॲडव्हान्स देणार. पोळा शुक्रवारी. म्हणजे मी जिंकलो.
आज बाबा आले. तोंड उतरलेलं. सोयाबीनवर पिवळा मोझॅक पडलाय, आठवडाभर रोगट झाडं उपटून जाळत होते. चहा गार होईपर्यंत माझ्या कुंडीकडे बघत बसले. मग म्हणाले, हे कधीपासून असं हाय? मी म्हणालो, पहिल्यापासून, हे असंच असतं. ते म्हणाले, रोगट झाड असंच असतं म्हणून सोडून द्यायचं काय रे? मी नुसता हसलो. नीट समजावून सांगायचं तर किंमतही सांगावी लागली असती. शेतकऱ्याला इनडोअर प्लांटमधलं काय कळणार.

रविवार, १७ ऑगस्ट. संध्याकाळी ७.
नांदेडचं काम फत्ते. मॅडमनी पोहे दिले, दोन हजार ॲडव्हान्स दिला. येताना त्यातलेच बाराशे देऊन काचेची कुंडी घेतली. झाडाला शोभेल अशी.
खोलीत आलो तर बाबा खुशीत. कुंडीत एक हिरवं पान. फक्त.
वरचा सगळा रोगट भाग त्यांनी ब्लेडने कापला. रोग नेणारी पांढरी माशी पसरू नये म्हणून लांब मोकळ्या प्लॉटवर नेऊन जाळला. मग केवळाबाईंकडचं निंबोळी तेल फवारलं. केवळाबाई म्हणाल्या, तुझ्या बानं दुपारचं जेवण केलं न्हाई, मी दोनदा हाक मारली. बाबा म्हणाले, माझं रान तर हातचं गेलं, म्हणलं पोराचं तरी वाचवावं.
काचेची कुंडी पाठीमागे धरून मी म्हणालो, लई चांगलं केलं बाबा.

रविवार, १४ सप्टेंबर. जळकोट.
मामाच्या दुकानात बसतो. तात्पुरतं. झाड काउंटरवर आहे. काल नवं पान उघडलं. तळहातापेक्षा मोठं, चकचकीत आणि पूर्ण हिरवं. केवळाबाईंना फोटो पाठवला. उत्तर आलं, आता कसं झाडासारखं दिसतंय.
बाबा रोज येऊन गिऱ्हाइकांना सांगतात, ह्याला मोझॅक झाला होता, म्या बरा केला. लोक पान उलटसुलट करून बघतात आणि निंबोळी तेल मागतात. मामा म्हणाले, झाड हलवायचं न्हाई. म्हणजे शेवटी झाडातून धंदा झालाच. माझा अंदाज बरोबर होता, फक्त गाव चुकलं.
दुपारी पानावर पांढरा ठिपका दिसला. मॅडमना पाठवायला सहा फोटो काढले. मग कापसाने पुसून बघितलं. मामांच्या तंबाखूचा चुना होता.

हिशोब.
खर्च: झाड ३,५००. काचेची कुंडी १,२००. नांदेड जाणं-येणं ४१०. एकूण ५,११०.
येणं: काही नाही.
देणं: मुग्धा मॅडम, ॲडव्हान्सचे २,०००. केवळाबाई, निंबोळी तेलाचे १२०. बाबा म्हणतात, मावशीचे आधी दे, तिच्या तेलानं झाड वाचलं.