रंगराव पैलवानाचं जवाबी कार्ड

९ फेब्रुवारी १९७४, हसनाबाद
दादाची मालिश केली. डावा हात तसाच, लाकडावानी. लकवा होऊन आठ महिने झाले. डॉक्टर म्हणतो होईल, होईल. मला न्हाई वाटत.
न्हाव्याच्या दुकानात आज पुन्हा तेच. दादा शहागडची कुस्ती सांगून राह्यला. निजामाच्या टायमातली, कोल्हापूरच्या रंगराव पैलवानासंगं, बरोबरीत सुटल्याली. बाप्या पाटील म्हणला, "दगडूबा, मागच्या खेपंला अर्धा तास लढलात, आज पाऊण तास झाला. पुढच्या खेपंला पाडूनच टाका त्याला." सगळे हसले. पहिलं दादाचं अंग पाहून कोणी हसायचं न्हाई. धरून घरी आणलं. 

११ फेब्रु.
शाळेतले साळवे मास्तर आल्ते. त्यांला एक नाद हाये. मोठ्या लोकांला चिठ्ठ्या लिहायच्या अन् सह्या मागायच्या. नट, गाणाऱ्या बाया, क्रिकेटवाले. वही दाखवली. कोंबडी चिखलातून गेल्यावानी एकेक सही. म्हणलो, मास्तर, याचं करायचं काय? म्हणले, "काही न्हाई मुकादम. त्या माणसाचा हात या कागदावरून फिरला, बस्स."
दादाला अक्षर येत न्हाई, तरी वही सोडीना. म्हणला, "रंगरावाला लिहिलं तर देईल का?" मंग आपलाच म्हणला, "सहीच्या वर लिहून बी देईल. शहागडला दगडूसंगं बरोबरीत सुटलो म्हणून. मंग बघतो बाप्याकडं."
झालं. आता हे एक.

१४ फेब्रु.
सा. मास्तरांनी पेपरातून तालमीचा पत्ता काढला. मी पोष्टातून जवाबी कार्ड आणलं. दोन कार्डं जोडल्याली असत्यात. एकावर आपण लिहायचं, दुसऱ्यावर आपलाच पत्ता टाकून कोरं धाडायचं. समोरचा त्याच्यावर जवाब लिहितो. हे बराबर हाये. फालतू बोलनं न्हाई.
मास्तर म्हणले, अगोदर तारीफ, मंग मागनं. मी लिहिलं, "तुम्ही मोठे पैलवान आहात. सही पाठवा." वाचून दाखवलं तर दादा भडकला. "मुकादमावानी काय लिहितो? खडी फोडायला लावून राह्यला का त्याला?" सव्वीस साल सडकंवर मुकादमी केली, दुसरं कसं लिहू.
मंग त्यानं सांगितलं, मी लिहीत गेलो. कुस्ती सोडवल्यावर तुम्ही मला तुमच्या तांब्यातलं दूध पाजलं. तुमचा कान फुटला होता. मी माझ्या फेट्यानं रगत पुसलं. आता माझा हात गेला. लोक खोटं म्हणत्यात. तेवढं दोन ओळी लिहून सही करा.
दुधाचं मला कधी सांगितलं नव्हतं. ऐकून घेतलं. खरं का आत्ता सुचलं, कोन जाणे.

१५ फेब्रु.
कार्ड ओट्यावर ठेवून तंबाखू आणायला आत गेलो, तर शेळीनं जवाबाच्या कार्डाचा कोपरा खाल्ला. वैनी म्हणली, "भाऊजी, दुसरं आणा. कोपरा फाटल्यालं कार्ड मयताचं असतंय." मला काय ठाऊक न्हाई का? कोणी गेलं की कोपरा फाडून कार्ड धाडत्यात. असलं कार्ड घरात घेत न्हाईत, बाहेरच वाचून फाडून टाकत्यात. पर हे तर आपलंच कार्ड, आपल्यालाच येणार. मी घरीच असतो, माझ्या हातात पडंल. एका कोपऱ्यापायी पुन्हा पोष्टात जा, पुन्हा सगळं लिहा. टाकून दिलं पेटीत.

२ मार्च
जवाब न्हाई. दादा सकाळपून ओट्यावर. पोस्टमन लांबूनच हात हलवतो. "दगडूबा, आलं की वरडतच येईन."
न्हाव्याच्या दुकानात जायचं दादानं बंद केलं. कार्ड धाडल्याचं तिथं समद्यांला सांगून बसला होता. आता म्हणतो, जवाब आल्याबिगर त्या खुर्चीत बसायचं न्हाई. दाढी वाढली. मी म्हणलो घरीच करू. न्हाई म्हणला.

१० मार्च
काही न्हाई. ऊन वाढलं. दादा जेवत न्हाई नीट. वैनी माझ्यावर चिडून, जसं काय मीच रंगराव.

१९ मार्च
दादाच्या औषधाला भोकरदनला गेल्तो. चार वाजता आलो तर दादा ओट्यावर वल्ल्या अंगानं बसल्याला, रडून राह्यला. शेजारची चंद्रकला त्याचं डोकं पुसत होती. "किसन गेला," म्हणली. किसन म्हंजी वैनीचा भाऊ, कुंभार पिंपळगावचा. चार महिन्यांपून आजारीच.
वैनी कुठं? यष्टीनं पिंपळगावला गेली.
कळालं कसं? कार्ड आल्तं.
कोपरा फाटल्यालं? होय.
आपला पोस्टमन रजेवर. बदलीवाला होता. त्यानं कोपरा बघितला, कार्ड बाहेर काट्याच्या कुपाटीला खोसलं, "कार्ड हाये वो बाई" म्हणला अन् निघून गेला. वैनीनं कोणाकडून वाचून घेतलं न्हाई. वाचून काय करायचं, समजलंच की. तुकडे करून चुलीत घातले. आपण अंगोळ केली, दादाला घातली, रडतच यष्टी धरली.
दादाला कार्डाचं सांगितलं न्हाई. औषध पाजलं.

२० मार्च
बदलीवाल्या पोस्टमनला पोष्टात गाठलं. म्हणला, "छाप कोल्हापूरचा होता बहुतेक. बारीक अक्षरात भरून लिहिल्यालं होतं." काय लिहिलं होतं? "मयताचं कार्ड कोन वाचतं काका?"
चुलीतली राख उपसून बघितली. वेड्यावानी. एक तुकडा न्हाई.

२१ मार्च
वैनी आली. पिंपळगावच्या येशीपून रडत गेली. गल्लीतल्या बाया तिच्यामागं रडत निघाल्या. दारात पोचली तर किसन अंगणात भाकर खात बसल्याला. त्यानं इचारलं, "आक्का, कोन गेलं गं?" हिनं त्याला मिठी मारली, मंग पाठीत दोन धपाटे घातले. किसनची बायको बोलंना झाली, जित्या नवऱ्यावर रडायला आली म्हणून.
सांगता सांगता वैनी हसली. तोंडाला पदर लावून लई हसली. मंग माझ्याकडं पाह्यलं. "मी म्हणलं होतं, दुसरं आणा."
होय, म्हणली होती. मी मान खाली घातली. दुसरं काय करनार.

२३ मार्च
दादाला सांगितलं. सगळं. शेळी, कोपरा, चूल. शिव्या देईल वाटलं. न्हाई दिल्या.
म्हणला, "म्हंजी जवाब आल्ता."
आल्ता.
"भरून लिहिल्यालं?"
पोस्टमन तसं म्हणतो.
"न्हाई आठवत म्हणायला भरून लिहावं लागत न्हाई, उत्तमा. दोन शब्दांत होतं."
दीड भाकर खाल्ली. किसन जिता हाये हे कळाल्यावर बी एवढा खूश झाला नव्हता.

२५ मार्च
आज उलटं. सकाळीच म्हणला, "का त्यानं असं लिहिलं असंल, की तुझ्यावानी छप्पन जण लिहित्यात मला? म्हाताऱ्या माणसानं खोटं बोलू नये, असं?" म्हणलो, कशाला नको ते काढतो. "भरून लिहायला कारण लागतंय," म्हणला. भिंतीकडं तोंड करून निजला दिवसभर.
बाप्या पाटलाला कार्डाची गोष्ट कोणीतरी सांगितली. रस्त्यात म्हणला, "मुकादम, लई सोयीचं जळालं." हात उठला होता माझा. खाली घेतला.

२८ मार्च
सा. मास्तर म्हणले पुन्हा लिहा, झालेलं सगळं कळवा, मोठा माणूस हाये, समजून घेईल. नवीन जवाबी कार्ड आणलं. चारी कोपरे बघून आणलं.
दादा म्हणला, "सही माग फकस्त. कुस्तीचं इचारू नको."
का? तेच तर पाहिजे होतं तुला.
"आता नको."
पेन घेऊन बसलो. तर दादा म्हणला, "तू तरी कधी मानलं का रे?"
मी त्या दिवशी शहागडला नव्हतो. जालन्याकडं सडकंवर होतो. आलो तेव्हा दादाच्या तोंडून ऐकलं. ज्यांनी डोळ्यानं बघितलं, त्यातलं कोणी राह्यलं न्हाई. इतक्या सालांत मी होय म्हणलो न्हाई, न्हाई बी म्हणलो न्हाई. इचारायला येळ कोणाला होता. अन् त्यानं बी मला कधी इचारलं नव्हतं.
म्हणलो, "जल्दी सांग, टपाल निघून जाईल."
"तूच लिही," म्हणला. मीच दोन ओळी लिहिल्या, सहीपुरत्या.

२९ मार्च
पोष्टात गेलो. कार्डावर खाली जागा होती. पेटीपाशी उभा राह्यलो. दोन माणसं माझ्या मागून येऊन टाकून गेली. मंग आत जाऊन दौत मागितली अन् लिहिलं, "मी यांचा धाकटा भाऊ. शहागडची कुस्ती झाली होती का न्हाई, ते मला लिहा." जवाबाच्या पत्त्यावर दादाचं नाव खोडून माझं टाकलं, घरी न आणता पोष्टातच ठेवा म्हणून लिहिलं.
टाकलं. घरी कोणाला सांगितलं न्हाई.

६ एप्रिल
रोज टपाल फुटायच्या येळंला पोष्टात जाऊन बसतो. पोस्टमास्तर म्हणतो, "मुकादम, नोकरी लावू का इथं?" दादा इचारतो कुठं जातो. म्हणतो, पाय मोकळे करायला. 
आज सा. मास्तर भेटले. म्हणले, जवाब आला की मला आणा, मी मोठ्यानं वाचून दाखवतो, दुकानात समद्यांपुढं. म्हणलो, न्हाई. मी वाचीन.
होय म्हणून आलं तर काही प्रश्न न्हाई. न्हाई म्हणून आलं तर कार्ड माझ्या हातात, अन् दादाला वाचता येत न्हाई. जे लिहिलंय तेच वाचीन का, ते आज तरी मला ठाऊक न्हाई.