चेकनटवरची लाल रेघ

बाबा, भिसे खिंडीतल्या वळणावर मी हात सैल केले आणि स्टेअरिंग परत आलं नाही, तेव्हाच सगळं बदललं. वळण संपत आलं की हात सैल करायचे, चाकं आपोआप सरळ होतात, स्टेअरिंग तळव्यांतून सरकत जागेवर येतं, हे तुम्हीच शिकवलेलं. ते तिथंच बसून राहिलं. मी दोन्ही हातांनी ओढेपर्यंत तुमची जीप दरडीला जाऊन टेकली. वेग फार नव्हता, मला खरचटलंसुद्धा नाही. पण शेजारी ती बसली होती. तिनं उजवा हात पुढं टेकवला, आणि त्या हाताचं मनगट आता प्लॅस्टरमध्ये आहे. सहा दिवस झाले.

ती तुम्हाला माहीत नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी सोळा वर्षांचा, त्याला आता आठ वर्षं झाली. ती पेणची. गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढते. श्वास धरते, ब्रश टेकवते, एका फटक्यात रेघ. आम्ही एकाच कॉलेजात होतो; घरच्या अडचणीमुळं तिनं ते सोडलं, तर पंधरा दिवसांत मीही सोडलं. कारखान्याच्या दारात जाऊन तिला सांगितलं, तर ब्रश खाली न ठेवता म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं रे?" कुणीच नाही. आईनं आठवडाभर बोलणं टाकलं. धाटावला कंपनीत शिफ्ट लागली तेव्हा डबा द्यायला लागली, पण कॉलेजचं नाव काढलं नाही ते नाहीच.

गेल्या रविवारी ती पहिल्यांदा रोह्याला येणार होती, आईला भेटायला. तुमच्या जीपचं स्टेअरिंग तुमच्या वेळी दोन बोटं रिकामं फिरायचं, मग चाकं हलायची. तुम्ही त्याला प्ले म्हणायचात. आता तो चार बोटं झाला होता. सरळ रस्त्यावरसुद्धा सारखं डावं-उजवं करत बसायचं. अशा गाडीतून तिला आणायची मला लाज वाटली. शनिवारी दुपारी बॉनेट उघडलं, स्टेअरिंग बॉक्सवरचा, स्क्रू जागेवर धरून ठेवणारा चेकनट सोडला आणि मधला स्क्रू आवळला. अजून आवळला. प्ले गेला. अर्धा तास लागला नाही.

तेव्हा मला तुमच्या गॅरेजातलं ते गिऱ्हाईक आठवलं होतं. कंपनीतला साहेब, जुनी गाडी घेऊन आलेला, स्टेअरिंग नव्यासारखं टाइट पाहिजे म्हणत होता. तुम्ही गाडीखाली शिरलात, त्याला वर बसून स्टेअरिंग हलवायला लावलं आणि एकेका जोडावर हात ठेवून बघितलंत. बाहेर येऊन म्हणालात, चाकांना जोडणाऱ्या टायरॉडचे दोन्ही एंड बदलायला पाहिजेत, बॉक्सला मी हात लावणार नाही. तो हसला, म्हणाला, मेस्त्रींना जमत नसंल. आणि मी, तुमचा मुलगा, त्याच्यादेखत बोललो, "जमत नाय तर तसं सांगा ना." तो गाडी घेऊन गेला. तुम्ही संध्याकाळी मोरीत भुसा आणि साबण घेऊन हात घासत होतात. मला वाटलं आता कानाखाली बसणार. तुम्ही मागं वळूनही बघितलं नाहीत. "बॉक्स मधोमध झिजतो," म्हणालात. "सरळ असताना टाइट केलास की वळणावर धरतो. चाकापासनं तपासत वर यायचं. बॉक्स सगळ्यात शेवटी." मी ऐकलं आणि क्रिकेट खेळायला गेलो.

रविवारी सकाळी पेणला जातानाच खिंडीत स्टेअरिंग जड लागलं. मला आनंद झाला, बाबा. टाइट आहे म्हणूनच जड, असं वाटलं. तिला घेऊन निघालो, कासू मागं पडलं, तेव्हा तर मी एका बोटानं गाडी धरून तिला दाखवली. म्हणालो, बघ, आमच्या बाबांनी आयुष्यभर ढिली ठेवली, मी एका दुपारात टाइट केली. ती म्हणाली, दोन्ही हात लाव आधी. पुढं नागोठणं, आणि मग खिंड.

एका टेम्पोवाल्यानं आम्हाला परत पेणला दवाखान्यात नेलं. तिचे वडील आले. मला वाटलं अंगावर येतील. ते हळूच बोलले, "पोरा, गाडीला झालं काय?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "स्टेअरिंग जुनं हाय काका, बाबांच्या वेळपासनंच ढिलं होतं." मी ठरवून बोललो नाही. आपोआप आलं. ती खाटेवर पडून ऐकत होती. तिला खरं माहीत होतं, मीच मिरवत सांगितलं होतं ना वाटेत. वडील औषधं आणायला खाली गेले, तेव्हा छताकडं बघत म्हणाली, "तुझे बाबा सांगायला येणार नाय, म्हणून बरे सापडले तुला." मग म्हणाली, "जा आता." त्यानंतर फोन उचललेला नाही. गणपती दीड महिन्यावर आलेत आणि तिच्या जागी दुसरी कुणीतरी डोळे काढतेय.

टेम्पोवाल्यानंच नंतर जीप ओढून आणून दिली. आज सुट्टी होती, गाडीखाली शिरलो. चाकापासनं वर आलो. आईला स्टेअरिंगवर बसवलं, ती पदर खोचून बसली आणि मी सांगेन तसं हलवत राहिली. डाव्या टायरॉडच्या एंडवर हात ठेवला तर आत गोटीसारखं खडखडत होतं, रबर फाटलेलं. उजवाही तसाच. बॉक्सचा काही दोष नव्हता. नवे एंड बसवले. मग वर येऊन चेकनट सोडला आणि स्क्रू उलटा फिरवत तुमच्या खुणेवर आणला. स्क्रूच्या डोक्यावरून, नटवरून थेट बॉक्सवर ओढलेली नेलपॉलिशची लाल रेघ. बांगडीवाला तुम्हाला विचारायचा, मेस्त्री, कुणासाठी नेता ही बाटली, आणि आई फणा काढायची. रेघ रेघेला भिडली. गल्लीच्या टोकाला वळवून हात सैल केले, स्टेअरिंग सरकत परत आलं. प्ले राहिला, दोन बोटं. मी अजून दोनदा वळवून बघितलं.

बाटली आईनं अजून फडताळात ठेवलीय. वाळली होती, थिनरचे चार थेंब घालून हलवली आणि तुमच्या रेघेवरून परत ओढली. वाकडी आली. आई बघत होती. म्हणाली, "त्येंचा हात हलत नव्हता." बस्स, तेवढंच.

आता पेणला निघालोय. ती भेटली नाही तरी तिच्या वडिलांना सांगणार आहे, की गाडी माझ्या बाबांनी बिघडवली नाही, मी बिघडवली. ते मला दारात उभं करतील का, माहीत नाही. तिचा हात पहिल्यासारखा होईल का, तेही माहीत नाही. हा कागद बाटलीखाली ठेवतोय, दुसरीकडं कुठं पाठवणार.

एकच राहिलं. तिथं गेल्यावर हे बोलायचं धाडस होईल न होईल, म्हणून आधी तुम्हाला सांगतो. शनिवारी चेकनटला पाना लावला तेव्हा ती लाल रेघ मला दिसली होती. तुमची आहे हेही कळलं होतं. तरी फिरवला.

किल्ली घेतली. निघतो, दार ओढून घेतो.